बिनपाकिटाची ओळ

माझ्या एका सवयीवरून घरात आणि गावात माझी भरपूर टिंगल होते. वांग्याचं नवीन बियाणं घ्यायचं असलं की मी तीन-चार कंपन्यांची पाकिटं आणतो आणि बायकोच्या हाती देतो. रोपं ती टाकते. कोणत्या ओळीत कोणतं पाकीट गेलं हे फक्त तिलाच माहीत असतं. ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही. मी हंगामभर नुसत्या ओळी पाहतो. कोणती उन्हाला टिकली, कोणत्या ओळीत अळी शिरली, कोणत्या वांग्यासाठी गिऱ्हाईक पुढच्या बाजारी परत आलं. पाकिटावरचं नाव आधी कळलं की डोळे त्या नावाची बाजू घ्यायला लागतात, असं माझं म्हणणं. त्या ओळींमध्ये एक ओळ आमच्या घरच्या बियाचीही असते. शेवटी बायको पाकिटं बाहेर काढते आणि बहुतेक वेळा मी तोंडघशी पडतो.

हे सांगायचं कारण म्हणजे मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं हीच युक्ती माझ्यावर उलटवली.

आमचं वावर सेलू तालुक्यात, हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या कालव्यावर. मुलगी एकुलती एक. नागपूरला राहून तिनं भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. केली आणि पुण्याला नोकरीला लागली. तिच्यासाठी आष्टीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा वर्ध्याला बँकेत, घरी ओलिताची शेती, संत्र्याचा बगिचा, माणसं बोलायला सरळ. बायकोचं माहेरही आष्टीचंच. स्थळ माझ्या साळ्यानं आणलेलं, आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची म्हणून तो एक दिवसाआड फोन करत होता. मला हो म्हणायचं होतं. पोरगी घराजवळ येईल, सणावाराला दिसेल, एवढाच माझा हिशोब. ती मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना. मग एके सकाळी तिचाच फोन आला.

“बाबा, मामाले इतक्यात काही सांगू नका. आमचा ग्रुप कोकणात समुद्रात डोंगे चालवाले जाऊन राह्यला. तुमी अन् आई या. फक्त पाहा. मंग तुमी जे म्हणान ते.”

“काय पाहू?”

“ते नाई सांगत. तुमीच तं म्हणता, पाकीट पाहू नका, ओळ पाहा.”

फोन ठेवला आणि मी बाजेवर बसून राहिलो. बाप आहे, मला एवढं कळतं. समुद्रावर कोणीतरी पोट्टा होता. त्याचं गाव, घर, जात, जमीन आधी कळली तर मी तोंड वाकडं करीन म्हणून पोरगी मला नुसती ओळ दाखवणार होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. बायकोला विचारलं, “तुले मालूम आहे ना कोण आहे तं?”

ती मेथी निवडत होती. म्हणाली, “मी पाकीट सांगतो का कधी?”

म्हणजे हिला माहीत होतं.

मुलाकडे पाहायला जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत. मी भरताची वांगी घेतली, भेदरं म्हणजे टमाटे घेतले आणि निघायच्या दिवशी सकाळी सांबाराच्या जुड्या बांधून ओल्या पोत्यात गुंडाळल्या. पुण्याकडचे लोक याला कोथिंबीर म्हणतात. रेल्वे, मग बस, मग वळणावळणाची जीप. बायको प्रत्येक वळणाला डोळे मिटत होती आणि मी प्रत्येक थांब्यावर पोत्यावर पाणी शिंपडत होतो.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. तो कसा वाटला असं सगळे विचारतात. मला काही वाटलंच नाही, कारण मी पोट्टे मोजत होतो. किनाऱ्यावर पुण्याकडची दहा-बारा माणसं होती, पण माझ्या कामाचे तिघंच. एक लाल टोपीवाला, हसरा, उगाच इकडून तिकडे पळणारा. एक चष्मेवाला, बारीक अंगाचा, खिशात दगड भरत फिरणारा. तिसरा दाढीवाला, उन्हानं रापलेला, तिथलाच. तो डोंगे वाळूत ओढून रांगेत लावत होता. त्या डोंग्यांना कयाक म्हणतात. आमच्याकडच्या नदीतल्या डोंग्यात बैलजोडी मावली असती. यात एकामागं एक अशी दोनच माणसं पाय लांब करून बसतात.

मुलगी धावत आली, पाया पडली. उन्हात काळी झाली होती. आईच्या गळ्यात पडली आणि लगेच कोणाचं तरी जाकीट घट्ट करायला निघून गेली. मी मनात म्हटलं, लपवते आहे.

निघायच्या आधी मी एक काम उरकलं. आमच्याकडे बाजाराला जायच्या आधी सांबाराच्या जुड्या कालव्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि वर दगड ठेवतात, म्हणजे माल टवटवीत राहतो. इथं तर पाणीच पाणी. मी खडकाच्या आडोशाला गुडघाभर पाण्यात पोतं बुडवलं, वर चांगला दगड ठेवला आणि निर्धास्त झालो.

कयाकमध्ये बायको पुढं, मी मागं. वल्ह्याला दोन्हीकडे पातं. मी उजवीकडे वल्हं मारलं तर डोंगा डावीकडे जाई. डावीकडे मारलं तर बायको ओरडे. बैलाचा कासरा ज्या बाजूला ओढावा त्या बाजूला बैल वळतो. हे जनावर उलटं होतं. दोनदा आम्ही किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलो आणि बाकीचा ग्रुप पुढं गेला.

“तुमी वल्हं खाली ठेवा,” बायको म्हणाली. “मी एकटी नेतो.”

आष्टीच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात वल्हं मारलं आणि डोंगा सरळ चालायला लागला. मला ते काही झेपलं नाही. पण माझे डोळे आणि कान मोकळे झाले, आणि मला तेच पाहिजे होतं.

एक काळा कडा सरळ पाण्यात उतरत होता. त्याच्या पायथ्याशी सगळे डोंगे गोळा झाले. कड्याच्या अंगात, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, एक आडवी लाल पट्टी होती आणि ती थेट कड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. मुलगी वल्ह्यानं ती दाखवून काही सांगत होती. मला ते तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. जमिनीतून तापलेला रस आला, थिजला, त्याचा हा काळा दगड झाला. मग पुष्कळ काळ शांतता होती, दगडावर माती झाली. मग पुन्हा रस आला आणि खालची माती भाजून लाल झाली. असं काहीतरी. मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. तिच्याकडे कोण पाहतंय ते मी पाहत होतो.

लाल टोपीवाला एकटक पाहत होता, पापणी न हलवता. चष्मेवाला मान डोलावत होता आणि मधेच प्रश्न विचारत होता. दाढीवाला तिच्याकडे पाठ करून लाटांकडे पाहत बसला होता. आता जो मुद्दाम पाहत नाही तोच खरा असतो, हेही मला माहीत आहे. की चष्मेवाला? तिच्या शिक्षणाचा तोच वाटत होता. मी बायकोच्या पाठीला विचारलं, “टोपीवाला का?”

पाठ वल्हं मारत राहिली.

“चष्मेवाला?”

“वल्हं पाण्यात गेलं तुमचं. उचला ते.”

कड्याच्या पलीकडे एक लहानशी खाडी होती, तिथं पाणी शांत. ओहोटी लागली होती आणि खालचे सपाट खडक हळूहळू वर येत होते. आम्ही त्या खडकावर उतरलो. चष्मेवाल्यानं एका डबक्यातली काळी, मऊ, लांबोडकी वस्तू दाखवून सांगितलं की ही समुद्रकाकडी. मी चाळीस वर्षं काकडी लावतो. ही काकडी हलत होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, चेष्टा तर करत नाही ना म्हणून. तो अगदी गंभीर होता, आणि माझ्या मनात त्याची ओळ थोडी खाली गेली.

मग तोंड पाण्यात घालून खालचं पाहायचं, ज्याला ते स्नॉर्केलिंग म्हणतात, त्याची तयारी सुरू झाली. सगळ्यांना एकसारखे काळे, अंगाला चिकटलेले कपडे. डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी. खडकावरच्या शिंपल्यांनी हात कापतात म्हणून हातमोजेसुद्धा. बघता बघता आमचा सगळा ग्रुप एका साच्यातून काढल्यासारखा झाला. कोण बाई आणि कोण माणूस तेही कळेना. बायको म्हणाली, “मी नाई बाप्पा,” आणि पदर खोचून खडकावर बसली. मुलगी तिच्याजवळ उभी राहून तिला काही समजावत होती. ती आईसोबतच थांबेल असं मी धरून चाललो.

मला पाण्याची भीती नाही. लहानपणी आम्ही विहिरीच्या काठच्या थारोळ्यावरून उड्या मारायचो. पण विहिरीत तळ दिसत नाही. पाणी हिरवं, काळं, त्यात माणूस डोळे मिटून पडतो. इथं मी तोंड पाण्यात घातलं आणि खाली जमीन दिसली. स्वच्छ, खोल, दगड-धोंड्यांसकट. माझ्या आणि तिच्यामध्ये काहीच नव्हतं. मी हवेत लटकत होतो आणि आता पडणार होतो. पोहणाऱ्या माणसानं असं वाटून घ्यायचं काही कारण नाही हे मला त्या क्षणीही कळत होतं, पण हातपाय ऐकेनात. नळीत पाणी शिरलं. मी ते गिळलं. असलं खारट पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मी मेलो, असं मला साफ वाटलं.

कोणीतरी माझं मनगट धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं, माझं तोंड पाण्याबाहेर राहील असं वर केलं, आणि थांबलं. मी खोकून घेतलं. मग त्या हातानं माझी नळी नीट बसवली आणि माझा पंजा हातात घेतला. दोनदा दाबला, थांबला, पुन्हा दोनदा दाबला. मी त्या दाबाबरोबर श्वास घ्यायला लागलो. पुन्हा तोंड खाली घातलं. जमीन तिथंच होती, पण आता मी पडत नव्हतो.

मग तो हात मला घेऊन फिरला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक घोळका आमच्या खालून गेला. एका कपारीत काटेरी गोळे बसले होते. जवळ जाऊ लागलो तर हातानं मला अलगद बाजूला केलं. पुढं खडक पाण्यात खाली जात होता आणि हातानं त्याच्याकडे बोट दाखवलं. खडकाच्या अंगात लाल पट्टी होती, पाण्याखाली.

ती पट्टी मी आधी पाहिली होती. कड्यावर नाही, माझ्या विहिरीत. मुलगी शाळेत असताना आम्ही विहीर खोल केली. काळा दगड फोडता फोडता लाल थर लागला. ती मला खाली न्या म्हणून हटून बसली, मी तिला शिडीनं उतरवलं, आणि ती दोन्ही हात लाल करून वर आली. “बाबा, खाली लाल काऊन?” मी म्हणालो, “गेरू आहे, अजून काय.” माझ्यापुरतं ते तिथंच संपलं होतं. समुद्रात, घरापासून एवढ्या लांब, माझ्याच विहिरीचा थर माझ्यासमोर होता. मी कुठे आहे हेच मला उमगेना. घाबरलो नाही मात्र. हात होता.

मी बाप म्हणून सांगतो, त्या घटकेला मला बँकही आठवली नाही आणि संत्र्याचा बगिचाही आठवला नाही. तिघांपैकी तू जो कोणी असशील तो अस, असं मी म्हणालो, आणि त्या हाताला मनातल्या मनात पोरगी देऊन टाकली. नळीत रडता येत नाही. मुखवट्यात पाणी साचतं, एवढंच.

खडकाशी आल्यावर हात सुटला. मुखवटा काढून मी डोळे चोळेपर्यंत आजूबाजूला सगळे काळे कपडेवाले ओले, सारखेच. आता कोणता? लाल टोपीवाल्यानं हातमोजे काढले होते. मी त्याच्याकडे गेलो आणि हात पुढं केला. तो गोंधळला, पण त्यानं हात मिळवला. मऊ, गादीसारखा. हा नव्हे. चष्मेवाल्याच्या बोटाला पट्टी बांधलेली. मी त्याचा पंजा दोनदा दाबला, तर तो कळवळला. राहिला दाढीवाला. तो डोंग्यांजवळ बसला होता, अंगावर कोरडा सदरा. तो पाण्यात उतरलाच नव्हता. मी तरी त्याचा हात हातात घेतला आणि धरून राहिलो. तो म्हणाला, “काका, बरं वाटत नाही का?”

बायको खडकावरून हे सगळं पाहत होती.

“अवो, काय करून राह्यले तुमी?”

“हात पाहून राह्यलो.”

ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. मग तिनं हनुवटीनं पाण्याच्या काठाकडे खूण केली. तिथं एक काळा कपडेवाला एका घाबरलेल्या बाईला हात धरून खडकावर चढवत होता. चढवून झाल्यावर त्यानं मुखवटा काढला, टोपी काढली, आणि केस झटकले. ती माझी मुलगी होती. हातमोजे काढून तिनं ते कमरेला खोचले आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा पाण्यात उतरली.

“मंग पोट्टा कोणता?” मी विचारलं.

“पोट्टा आहे असं कोणं सांगतलं तुमाले?” बायको म्हणाली. “बाजारच्या ओळी पाहता पाहता घरची ओळ पाह्याची राह्यली तुमची.”

मी खडकावर बसलो. पहिल्यांदा राग आला, दोघींचा. मग लाज वाटली, कारण सकाळपासून जे जे झालं ते तिनंच केलं होतं. सगळ्यांची जाकिटं तिनं बांधली, कडा तिनं समजावला, ग्रुप तिनं नेला, आणि मी तिच्याकडे सोडून सगळीकडे पाहत होतो. लाल टोपीवाल्याला दोन मुलं आहेत हे मला संध्याकाळी कळलं. दाढीवाल्याची बायको स्वयंपाक करत होती. चष्मेवाला हे सगळं तिच्याकडूनच शिकायला आला होता.

परत किनाऱ्याला लागलो तर समुद्र तिथं नव्हता. गुडघाभर पाण्यात ठेवलेलं माझं पोतं कोरड्या वाळूत उन्हात पडलं होतं, वर दगड जसाच्या तसा. सांबाराच्या जुड्या आत मऊ पडून काळपट झालेल्या. मी उकिडवा बसून त्यांच्याकडे पाहत राहिलो. पाणी असं उठून निघून जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी शेजारी येऊन बसली. तिनं एक काडी तोडून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

“खारं पाणी आहे, बाबा. अन् ते वापस चाललं जाते.”

“आता समजलं मले.”

मग तिनं सगळं सांगितलं. पुण्याची नोकरी तिनं दिवाळीच्या आधीच सोडली होती. दाढीवाला आणि त्याची बायको यांच्यासोबत ती लोकांना डोंग्यातून नेऊन खडक दाखवायचं काम करत होती, आणि तिला इथंच राहायचं होतं.

“लग्नाले नाई म्हणत नाई मी. आता नाई म्हणतो. ते लोक चांगले आहेत, पण हे सोडून या म्हणतात.”

“मले फोनवर काऊन नाई सांगतलं?”

“समुद्रात डोंगे चालवते पोरगी, असं नाव ऐकलं असतं तं तुमी ओळ पाहाले आलेच नसते.”

ते खरं होतं. मी तिचा हात घेतला. पंजाला वल्ह्याचे घट्टे पडले होते, माझ्या हाताला कुदळीचे आहेत तसे. हातमोज्यामुळे मला ते कळले नव्हते. मी तो दोनदा दाबला. ती रडली. मीही रडलो, आणि या वेळी मधे काच नव्हती.

संध्याकाळी भरीत झालं. वाचलेला सांबार गोड्या पाण्यात धुऊन वरून टाकला. सगळे म्हणाले मीठ जास्त झालं आणि सगळ्यांनी दोनदा घेतलं. जेवणं चालली असतानाच साळ्याचा फोन आला. मी ताट घेऊन बाजूला झालो.

“भाऊजी, काय सांगू मंग तिकडं? धरू का तारीख?”

“नको धरू. पोट्टा चांगला आहे, मानसं चांगले आहेत, त्याईत काही खोट नाई. पन पोरीले इकडे काम आहे.”

“इकडे कुठी?”

“समुद्रात.”

“समुद्रात? पोरीचं समुद्रात कायचं काम आहे बाप्पा?”

मी सांगायला तोंड उघडलं. तापलेला रस, भाजलेली माती, हलणारी काकडी, निघून जाणारं पाणी. एकाला एक लागेना. दिवसभर जे पाहिलं त्यातलं निम्मं मला कळलं नव्हतं आणि कळलं होतं ते फोनवर मावेना. पलीकडे मुलगी कोणाच्या तरी ताटात भरीत वाढत होती.

“मले सांगता नाई येत,” मी म्हणालो. “तू एकदा येऊन पाहाजो. भेव लागलं तरी येजो. पाण्यात हात धरते माही पोरगी.”